अखंड निघालेली तीन चाकं

१

पेटीचं झाकण उचकटलं तेव्हा मी हसतच होते. जनरलसाहेब वाकून आत बघतील तेव्हा आपण काही बोलायचं नाही, असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. तुटलेलं लोखंड काय ते बोलेल. साहेब वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि माझं हसू जागच्या जागी वाळलं.

पेटीत दातेरी चाक होतं आणि त्याचे सगळे दाते शाबूत होते. दुसरी पेटी उघडली, तिसरी उघडली. तिन्ही चाकं अखंड. प्रत्येकावर माझ्याच अक्षरातली चिठ्ठी होती: भुरी, डावी बाजू, चढावर तुटले.

आमच्या कक्षाचं काम सांगायला सोपं आहे. सैन्यासाठी एखादी वस्तू घ्यायची ठरली, की ती घेतल्यावर पुढे काय काय निस्तरावं लागेल, ते आधीच मांडून दाखवायचं. विकत घेतानाची रक्कम म्हणजे नुसता उंबरठा. आत गेल्यावर तीस वर्षांचं तेल, सुटे भाग, दुरुस्त्या, चालकांचं शिक्षण, गोदाम आणि सगळ्यात शेवटी तिची विल्हेवाट. जन्मापासून मरणापर्यंतचा खर्च म्हणा ना.

या खेपेला दोन चिलखती गाड्यांमधून एक निवडायची होती. वर्षभर दोघींना आमच्याच मैदानावर पिटाळलं होतं, आणि मैदानावरच्या लोकांनी त्यांना म्हशींसारखी नावं ठेवली होती. एक भुरी, एक काळी. भुरी घ्यायला बरीच स्वस्त. पण चढावर वळताना तिच्या डाव्या अंगाचं हे दातेरी चाक तुटायचं. वर्षात तीनदा तुटलं. त्यावरून मी पुढच्या तीस वर्षांचा अंदाज बांधला, तर खर्चात भुरी काळीच्या कितीतरी पुढे गेली. आणि खर्च एकवेळ सोसता येतो. चाक तुटलं की गाडी आठ जवानांना पोटात घेऊन आहे तिथे बसते, हे कोण सोसणार?

तो सगळा अंदाज या तीन पेट्यांवर उभा होता. मैदानावर कॅमेऱ्याला बंदी, त्यामुळे फोटो नाहीत. तुटलेली चाकं मी कार्यशाळेत डोळ्यांनी पाहिली होती, एक सुटा दाता हातात धरला होता. पण आता तो फक्त माझा शब्द उरला होता.

बेंचसाहेब खिडकीपाशी उभे होते. प्रयोगशाळेतल्या टेस्ट बेंचवर सुटे भाग फिरवून त्यांचं आयुष्य मोजणारा विभाग त्यांचा, म्हणून सगळे त्यांना बेंचसाहेब म्हणत. भुरीची शिफारस त्यांचीच. ते हळूच म्हणाले, की बाईंनी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही, पण चाकं तर समोर आहेत.

जनरलसाहेब समितीचे अध्यक्ष होते. त्यांनी आवाज चढवला नाही. समिती जेवणानंतर बसेल, म्हणाले. तोवर उलगडा झाला नाही तर माझा अंदाज बाजूला ठेवून भुरीची खरेदी होईल, आणि खोटा पुरावा केल्याबद्दल माझी चौकशी लागेल.

मी दारापर्यंत पोहोचले तेव्हा त्यांनी हाक मारली.

"तुमच्या आत्याबाई हल्ली घरी असतात का?"

२

आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. माझ्या आधी कित्येक वर्षं हाच कक्ष त्यांनी चालवला. निवृत्त झाल्या, पण सवय गेली नाही. घरात नवी कढई आली तरी ती पुढे घासायला किती साबण खाईल हे त्या विचारतात. माझं लग्न ठरवताना स्वतःच्या भाच्याबद्दल त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मुलगा घ्यायला स्वस्त आहे, पण देखभाल जड जाईल." अंदाज बरोबर निघाला.

मी घरी पोहोचले तेव्हा त्या प्रार्थनेला बसल्या होत्या. ती पुरी झाल्याशिवाय त्या उंबरा ओलांडत नाहीत, आणि त्या दिवशीही ओलांडला नाही. मी बाहेर गाडीत तळमळत बसले. शेवटी मीही डोळे मिटून हात जोडले, आणि खरं सांगते, तेवढ्यानेच माझं सारखं घड्याळाकडे बघणं थांबलं.

नमुन्यांच्या खोलीत आल्यावर त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. ओलं फडकं मागितलं. एक चाक पुसलं, चष्मा वर सरकवला आणि एकेका दात्यावरून बोट फिरवलं. आधी एका अंगाने, मग दुसऱ्या.

"तू बघ," म्हणाल्या.

मी बोट फिरवलं. दोन्ही अंगं सारखीच गुळगुळीत, सारखीच चकचकीत. म्हणजे चाक कोरं नव्हतं, भरपूर चाललेलं होतं. कोरं असतं तर कुणीतरी गोदामातून आणून ठेवलं असं म्हणता आलं असतं. वापरलेलं म्हणजे भुरीचंच, आणि ते तुटलेलंच नव्हतं, असंच सगळे म्हणणार.

आत्यांनी बाकीची दोन्ही तशीच तपासली आणि फडकं नीट घडी करून परत दिलं.

"भुरीची चाकं बदलली कोणी?"

कार्यशाळेच्या उस्तादांनी, मी सांगितलं. त्यांनीच ती पेटीत घातली, त्यांनीच पेट्यांना सील लावलं.

"मग त्यांनी एका शब्दात सांगावं की तुटली होती. मिटलं."

तीच तर अडचण होती. सकाळी पेट्या उघडल्यावर जनरलसाहेबांनी उस्तादांना बोलावून हेच विचारलं होतं, आणि उस्ताद खाली मान घालून गप्प उभे राहिले होते.

३

नमुन्यांच्या खोलीची किल्ली कुलूपरावांकडे. भंगाराचं आवारही त्यांच्याच ताब्यात. कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघतात आणि जिन्यापर्यंत जाऊन पुन्हा एकदा ओढायला येतात, म्हणून हे नाव. संशय आपल्यावर येणार या धास्तीने ते आधीच घामाघूम झाले होते. आत्यांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि त्यांनी जे सांगितलं ते असं.

पेट्या कार्यशाळेतून सीलबंद आल्या. त्यांनी सील पाहिलं, आतला माल पाहिला नाही. तो त्यांचा अधिकारच नव्हे. गेल्या आठवड्यात लोखंडाचा कठीणपणा तपासायचा म्हणून पेट्या बेंच विभागात गेल्या. तिथून बेंच विभागाचं सील लागून परत आल्या. आज सकाळी तेच सील सर्वांसमोर फोडलं.

"म्हणजे तुमच्याकडे किल्ली आहे, पण सील नाही," आत्या म्हणाल्या.

कुलूपरावांनी हे वाक्य प्रसादासारखं झेललं. मग त्यांना कंठ फुटला. भंगाराचा लिलाव वर्षातून एकदा होतो, फाटकातून खिळासुद्धा बाहेर जात नाही, सगळे विभाग मोडकं सामान त्यांच्या डोक्यावर आणून टाकतात, जागा पुरत नाही. फक्त बेंचवाल्यांकडून कधी काही येत नाही. "त्यांचं सगळं अमर आहे, बाई. इतकी वर्षं झाली, एक नट आला नाही त्यांच्याकडून."

आत्या हसल्या आणि उठल्या.

उस्ताद कार्यशाळेत एका उघड्या इंजिनापाशी होते, पण काम करत नव्हते. मागे त्यांची माणसं हत्यारं हातात धरून नुसती उभी होती. उस्ताद मला ताई म्हणतात. त्या दिवशी त्यांनी मला हाकच मारली नाही.

आत्यांनी चाकांचा विषय काढला नाही. भुरी आली तर कार्यशाळेचं काय होईल, एवढंच विचारलं. उस्ताद म्हणाले, काम वाढेल. आणि काळी आली तर? त्यावर त्यांनी मागच्या माणसांकडे पाहिलं. बाजारात सगळीकडे बोललं जात होतं, की काळी बिघडतच नाही. ती आली की कार्यशाळा बंद करून टाकतील.

"मी खोटं बोलणार नाही, बाई," ते म्हणाले. "पण माझ्या तोंडून या चाळीस घरांच्या चुलीवर पाणीही ओतणार नाही. मला विचारू नका."

बाहेर आल्यावर मी एकेक गोष्ट जुळवू लागले. चाकं त्यांच्या हातात होती. पहिलं सील त्यांचं होतं. कारणही आता त्यांनीच सांगितलं होतं.

४

बेंच विभागात शिरलं की आधी आवाज अंगावर येतो. त्या भल्या मोठ्या यंत्रावर एक चाक गरगर फिरत होतं. चाकावर गाडीइतका भार यावा म्हणून बाजूला एक लांब दांडा, त्याला टांगलेली झाकणाची पेटी. या पेटीत लोखंडी वजनं भरतात. भार दाखवणारा काटा पुऱ्या खुणेवर होता. भिंतीशी तीन जाड वजनं ओळीने ठेवली होती, आणि त्यांतल्या एकावर कुणीतरी चहाचा थर्मास ठेवला होता.

बेंचसाहेबांनी आत्यांना अदबीने खुर्ची दिली. दोघांनी एकत्र नोकरी काढली होती. ते वाईट माणूस नव्हेत, हे मी आजही म्हणेन. घरी मूलबाळ नाही. हे यंत्रच त्यांचं लेकरू. त्यांनी उत्साहाने सांगितलं, की भुरीची तीन चाकं त्यांनी याच बेंचवर तीस वर्षांच्या आयुष्याइतकी फिरवली. निम्मा वेळ सुलट, निम्मा उलट, पुऱ्या भाराखाली. एक दाता उडाला नाही.

"ती तिन्ही आता कुठे आहेत?" आत्यांनी विचारलं.

"गेली भंगारात."

मग मैदानावर चाकं का तुटली, असं मी न राहवून विचारलं. तुटलीच नाहीत, ते म्हणाले. आणि तुटली असतीलच तर चालकांनी आडदांडपणे हाकून तोडली. त्याचा दोष चाकाला देऊन तीस वर्षांचा खर्च मांडणं हा अन्याय आहे. बोलताना त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"कठीणपणा तपासायला पेट्या उघडल्यात, तेव्हा चाकं अखंड दिसली असतील," आत्या म्हणाल्या. "चिठ्ठीवर तर तुटलं लिहिलेलं. तेव्हाच कुणाला कळवावंसं नाही वाटलं?"

"माझं काम कठीणपणा मोजायचं. दाते मोजायचं नव्हे."

आत्यांनी मान डोलावली. निघताना त्या भारपेटीपाशी क्षणभर थबकल्या, मग भिंतीकडे पाहून म्हणाल्या, "थर्मास तिथे नका ठेवू. लवंडेल."

५

समितीच्या दालनाबाहेरच्या बाकावर मी त्यांना माझ्या मनातलं सांगून टाकलं. उस्तादांनीच केलं. भुरीतून धडधाकट चाकं काढून पेटीत घातली आणि तुटलेली मला दाखवून गायब केली. मला राग आला नव्हता, रडू येत होतं.

आत्यांनी त्यांचा रुमाल पुढे केला.

"अगं, तुझा आमचा धंदा काय? खर्च दिसला की तो कुणाच्या घरी जातो ते बघायचं. ते तू बरोबर बघितलंस. भुरीच्या दुरुस्तीवर उस्तादांची माणसं जगतील, खरं आहे. पण एक सांग, काळीला मध्यावर पूर्ण उघडावं लागतं, ते तू धरलं आहेस की नाही?"

धरलं होतं. पंधराव्या वर्षापासून प्रत्येक काळी खिळान्‌खिळा सुटी करायची आणि पुन्हा जुळवायची. त्यासाठी त्याच कार्यशाळेतल्या चाळीसही जणांचे पगार, शिवाय काही नवीन माणसं. मधल्या वर्षांत त्यांचं शिक्षण.

"हे त्यांना सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. अंदाज गोपनीय असतो. समितीपुढे वाचून होईपर्यंत त्यातलं अक्षरही बाहेर न्यायचं नसतं.

"मग त्यांना आत बसू दे, आणि ऐकू दे," आत्या म्हणाल्या. "बाकी, चाकं बदलणारा माणूस मला कळलाय. तो स्वतःच सांगेल. त्याला विचारायचंही कारण नाही, नुसतं कौतुक करायचं."

दालनाचं दार उघडलं.

६

तिन्ही चाकं लांब टेबलावर मांडली होती. समितीचे सभासद, कोपऱ्यात कुलूपराव, भिंतीला टेकून उस्ताद, आणि जनरलसाहेबांच्या उजव्या हाताला बेंचसाहेब. आत्यांनी परवानगी मागितली आणि मधल्या चाकावर तळहात ठेवला.

त्या बेंचसाहेबांना म्हणाल्या, की लोखंडाचं वय ओळखण्यात तुमचा हात धरणारं कुणी नाही. हे चाक किती चाललं असेल?

बेंचसाहेब उठून आले. त्यांनी चाकावरून हात फिरवला तो एखाद्या मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"पुरं आयुष्य. तीस वर्षांचं."

"इतकं चालूनही किती सुरेख झिजलंय. दोन्ही अंगांनी अगदी सारखं."

"झिजणारच. चांगलं चाक दोन्ही अंगांनी सारखंच झिजतं."

"कुठलंही?"

"कुठलंही."

जनरलसाहेबांनी चाक स्वतःकडे ओढलं. एका दात्याच्या एका अंगावर बोट ठेवलं, मग दुसऱ्या. ते विचारात पडलेले दिसले. आणि मग एकदम मागे टेकून बसले.

"मी उभं आयुष्य या गाड्यांत काढलं," ते म्हणाले. "गाडी पुढे जाते तेव्हा जोर दात्याच्या एका अंगावर येतो. मागे जाताना दुसऱ्या. निम्मी वाट मी मागे मागे गेलो असतो, तर आज मला इथे कुणी बसवलं नसतं."

कुणीतरी खुदकन हसलं. बेंचसाहेब मात्र अजून चाकाकडेच पाहत होते, आणि त्यांना काय झालं ते कळायला वेळ लागला.

आत्यांनी आवाज न चढवता उलगडून सांगितलं. हे चाक भुरीतून काढलेलं असतं तर एकाच अंगाने झिजलं असतं, आणि तेही वर्षभराइतकंच, तीस वर्षांइतकं नव्हे. गोदामातलं कोरं असतं तर झिजलंच नसतं. दोन्ही अंगांनी सारखं झिजलेलं चाक जगात एकाच जागी तयार होतं, निम्मा वेळ सुलट आणि निम्मा उलट फिरणाऱ्या बेंचवर. उस्तादांनी अदलाबदल केली असती तर त्यांनी हे चाक कधीच निवडलं नसतं. हात लावताच ते हसले असते. निवडलं त्याने, ज्याला चाक असंच झिजतं असं मनापासून वाटतं. ज्याने रस्त्यावर झिजलेलं चाक कधी हातात धरलेलंच नाही.

"तुम्ही म्हणालात, ती तिन्ही भंगारात गेली. कुलूपराव म्हणतात, तुमच्याकडून भंगारात कधी नटही आला नाही."

"आणि तुटलेली कुठे आहेत मग?" एका सभासदाने विचारलं.

"फाटकाबाहेर काही जात नाही, तेव्हा आतच. बेंचवर आत्ता पुरा भार आहे, काटा तसं दाखवतो. पण तीन वजनं भिंतीशी मोकळी पडली आहेत. मग भारपेटीत त्यांच्या जागी काय आहे, ते उघडून बघा."

जनरलसाहेबांनी शिपायांना पाठवलं. ते येईपर्यंत बेंचसाहेब स्वतःच खुर्चीत बसले आणि बोलू लागले. त्यांनी पैसे घेतले नव्हते, कुणाशी संधान बांधलं नव्हतं. चालकांनी चाकं तोडली आणि आपल्या वीस वर्षांच्या कामावर बोळा फिरवला, एवढंच त्यांच्या मनात बसलं होतं. खरं चाक कसं असतं ते समितीला दिसावं, म्हणून त्यांनी खरं चाक ठेवलं. यात माझी नोकरी जाईल हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं; फार तर मी आकडे मागे घेईन असं त्यांना वाटलं होतं.

शिपायांनी जड पोती टेबलावर ओतली. तीन चाकं, आणि दात्यांचे तुकडे. बेंचसाहेबांनी एक तुकडा उचलून उजेडाकडे धरला.

"बेंचवर हे कधीच झालं नाही," ते पुटपुटले.

"बेंचवर चढ नाही," आत्या म्हणाल्या. "दगड नाही, आणि आत आठ माणसं बसलेली नाहीत."

७

जनरलसाहेबांनी मला अंदाज वाचायला सांगितलं. सकाळपासून त्यांच्या कपाळाला आठी होती ती आता नव्हती. मी पहिल्या पानापासून सुरू केलं. घेण्याची रक्कम, तेल, सुटे भाग. भुरीच्या चाकांपाशी आले तेव्हा उस्ताद भिंतीपासून पुढे आले आणि न विचारता म्हणाले, की तिन्ही चाकं त्यांनी स्वतःच्या हाताने काढली, तिन्ही तुटलेली होती, आणि सकाळी गप्प राहिल्याची शिक्षा त्यांना मान्य आहे.

"शिक्षेचं नंतर बघू. आधी ऐका," जनरलसाहेब म्हणाले.

मी काळीकडे वळले. पंधराव्या वर्षाचं पान आलं. गाडी पूर्ण उघडण्याचं काम, सध्याच्या कार्यशाळेत, चाळीस जण कायम, बारा नवे. मी ते वाचलं आणि मान वर केली. उस्ताद दारातून बाहेर निघून गेले होते. क्षणभर वाटलं, रागावले. मग अंगणातून आरडाओरडा ऐकू आला, हत्यारं पत्र्यावर बडवल्याचा आवाज आला, आणि कुलूपराव खिडकीतून वाकून सांगू लागले की सगळी कार्यशाळा बाहेर आली आहे आणि उस्तादांना खांद्यावर घेतलंय.

त्या गोंगाटात मी शेवटचं पान वाचलं. मला ओरडून वाचावं लागलं. इतक्या मोठ्याने मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

समितीने एकमताने काळी निवडली. बेंचसाहेबांची चौकशी होणार होती. पण त्यांचा बेंच मोडू नये, तो मैदानावर नेऊन चढ आणि दगड त्याला शिकवावेत, अशी सूचना आत्यांनी केली आणि ती मान्य झाली. मग जनरलसाहेबांनी आणखी एक ठराव मांडला. यापुढे सैन्यासाठी घेतलेल्या कुठल्याही वस्तूच्या कागदावर आयुष्यभराच्या खर्चाचा अंदाज बांधणाऱ्याची सही आधी, खरेदी करणाऱ्याची नंतर. त्यांनी लेखणी माझ्यापुढे धरली.

मी सही करू लागले तेव्हा खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. वर पाहिलं तर सगळी समिती उभी होती.

आत्या तेवढ्या बसून राहिल्या होत्या. पायातली चप्पल शोधत त्या म्हणाल्या, "सावकाश कर. शाई सांडू नकोस."